बिनआवाजाचा गगनधर

॥ श्री ॥
५ मार्च

प्रिय टिकटिक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पार्सल काल मिळालं. आत निघालं ते असं: गजराचं घड्याळ एक, चालू, ते गुंडाळलेला जुना टॉवेल एक, तुझी चार ओळींची चिठ्ठी एक. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनने दारात वरचे पैसे घेतले. एका दिवसाचं दूध आलं असतं तेवढ्यात. ते मी दिले, तुझ्या नावावर मांडलेले नाहीत. टॉवेल धुऊन ठेवला आहे, अजून चांगला आहे, फेकायचा नाही.

घड्याळ आईचंच. धाकट्या भावाने पाडलं तेव्हाचा पोचा अजून तसाच आहे. आईने ते तुमच्या दुकानात दुरुस्तीला दिलं आणि ते परत आलंच नाही. विचारलं की म्हणायची, आणू सावकाश. मग आम्ही घर बदललं, पुढे आईही गेली. आता ते देवाच्या फळीखाली ठेवलं आहे. त्याची टिकटिक ऐकून हे म्हणाले, घरात पाल आली की काय. दुरुस्तीचे किती झाले ते कळव. मी कुणाचं ठेवून घेणारी नाही, हे तुला ठाऊक आहे. उगीच का तू माझं नाव चिक्कू पाडलंस?

काकांचं दुकान बंद झालं, त्यांना आता काही ऐकू येत नाही आणि ते कुणाशी बोलतही नाहीत, हे वाचून फार वाईट वाटलं. ज्या माणसाने जन्मभर घड्याळ कानाशी धरून त्याचं दुखणं ओळखलं, त्याचेच कान जावेत. संध्याकाळी दिवा लावताना त्यांचं नाव घेतलं.

तुझी शेवटची ओळ: ‘गगनधर आठवतो का? दर रविवारी दुपारी पुन्हा दाखवताहेत.’

आठवतो का म्हणून काय विचारतेस. गल्लीच्या या अंगाला आमची खिडकी, त्या अंगाला तुमची, आणि तुमच्या खोलीत टीव्ही. आख्ख्या गल्लीत तो एकच. घड्याळात धूळ जाते म्हणून काका खिडकीची काच कधी उघडू देत नसत. त्यामुळे आम्हाला चित्र दिसायचं, आवाज शून्य. मी आणि धाकटा आमच्या खिडकीत गुडघे टेकून बसायचो आणि सगळ्यांचं बोलणं मी म्हणायचे. गगनधराचं जाड आवाजात, बायकांचं बारीक. धाकट्याला वाटायचं ताईला सगळं कळतं.

ते चॅनेल आमच्याकडे नाही. वेगळे पैसे पडतात, म्हणून घेतलेलं नाही. तेव्हा तूच सांग. एवढी वर्षं डोक्यात अडकून बसलेल्या गोष्टी आहेत. टपाल कचेरीत शिक्के मारता मारता तो एकदम कान धरायचा आणि मग उडायचा, ते का? मी धाकट्याला सांगितलं होतं की जमीन सोडण्याआधी तो देवाची क्षमा मागतो. दुसरं, ती काठी टेकत येणारी म्हातारी त्याची आई की आजी? तिसरं, तो दाढीवाला दुष्ट सारखा त्याच्यावर ओरडायचा, तरी हा त्याला मारत का नव्हता? आणि जळत्या घराच्या दारात तो नुसता उभा राहिला, आत गेलाच नाही, ते कसं? धाकटा तेव्हा रडला होता. मी म्हटलं, तो प्रार्थना करतोय.

शेवटच्या भागाचं विचारत नाही. त्या दिवशी तुमचा पडदा ओढलेला होता. शेजारच्या पोरांनी बघू नये असं वाटलं असेल, तर घर तुमचं, पडदा तुमचा.

काकांना माझा नमस्कार सांग.

तुझी
चिक्कू


१२ मार्च

चिक्कू गं,

पत्र उघडलं आणि आधी कागद उलटा करून पाहिला. पाठीमागेही लिहिलेलं, समासातही लिहिलेलं. म्हटलं, बदलली नाहीस.

बिलाचं बाबांना पाटीवर लिहून विचारलं. हल्ली आमचं सगळं बोलणं असं पाटीवर चालतं. म्हणजे मी लिहिते, ते वाचतात आणि पाटी उलटी ठेवतात. तुझं नाव वाचल्यावर मात्र थोडा वेळ हातात धरून बसले. मग उलटी ठेवली.

तुला खरं सांगू, मला भीती वाटते. कान गेले त्याला इलाज नाही, डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राचाही उपयोग नाही. ते मी पचवलं. पण माणूसच निघून चाललंय गं. जेवायला वाढलं की जेवतात, उठतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसतात. कुणी आलं की खोलीत जातात. मधूनच एखादं घड्याळ उचलून सवयीने कानाशी नेतात आणि अर्ध्यावरून हात खाली येतो. तेवढं माझ्याने बघवत नाही. दुकान विकावं का, त्यांना गावाकडे न्यावं का, कुणी काय सांगतं, कुणी काय. मला एवढंच हवंय की त्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं.

आता तुझी उत्तरं. मन घट्ट कर.

तो कान धरत नव्हता. ऐकत होता. अगं, गगनधराची खरी शक्ती उडणं नव्हतीच, ऐकणं होती. कोसांवरून कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू यायची. बोट कानामागे लावायचा, कान टवकारायचा, मग निघायचा. पहिल्याच भागात तसं सांगितलं होतं. तू आवाजाशिवाय बघत होतीस, तुला कळणार कुठून.

दाढीवाला दुष्ट नव्हता, त्याचा कानाचा डॉक्टर होता. ‘इतकं ऐकत राहिलास तर एक दिवस बहिरा होशील,’ म्हणून ओरडायचा. जळत्या घराच्या दारात तेच झालं. दुष्टांनी मोठा भोंगा वाजवला, त्याचे कान गेले. आत कोण आहे, कुठल्या खोलीत आहे, काही ऐकू येईना, म्हणून तो उभा राहिला.

आणि म्हातारी. चिक्कू, तू धाकट्याला तिला हात जोडायला लावायचीस, ते मला माझ्या खिडकीतून दिसायचं. ती आई नव्हती आणि आजीही नव्हती. भोंगा तिचाच. धरणही तिनेच फोडलं.

पडद्याचं मला काहीच माहीत नाही. त्या रविवारी मी गोवराने आतल्या खोलीत पडले होते, शेवटचा भाग मीही पाहिलेला नाही. म्हणून माझ्या लग्नाला आली नव्हतीस का तू? डोकं दुखतंय असा निरोप आला होता. बरंच लांबलं की दुखणं.

तुझीच
टिकटिक


॥ श्री ॥
१८ मार्च

प्रिय टिकटिक,

तुझं पत्र वाचून मी पाटावर बसून राहिले, भात लागला. त्या म्हातारीला आम्ही किती भक्तिभावाने हात जोडले असतील. तिचं औषध संपलंय म्हणून तो तिला पाकिटातून पैसे नेऊन देतो, असं मी सांगितलं होतं. ह्यांना वाचून दाखवलं तर हसता हसता ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

धाकट्याला फोन लावला. तो आता मालाचा ट्रक चालवतो, केस पिकले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, मग मी माझ्या पोरांना जो गगनधर सांगितला, तो कुणाचा?” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तोच म्हणाला, “आपलाच चांगला होता. तो निदान देवाची क्षमा मागायचा.”

आता काकांचं. तू शिकलेली आहेस, मी मॅट्रिकपर्यंतची बाई. पण आवाज नसताना टीव्ही कसा बघायचा यात माझ्याइतका सराव कुणाला नसेल, म्हणून सांगते. रविवारी तू गगनधर लावतेस तेव्हा आवाज चालू ठेवतेस ना? त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना कळतं आणि त्यांना एकट्यांना कळत नाही. पंगतीत एकाच पानावर वाढायचं राहिलं तर त्या माणसाने बसून काय करायचं? उठून जाणारच. तू आवाज पूर्ण बंद कर. खुर्ची त्यांच्या शेजारी घे. पाटी आत ठेव. तुलाही काही कळणार नाही, त्यांनाही नाही. मग बघ काय होतं ते.

सोबत एक जास्तीचा कागद घातला आहे, म्हणजे तिकीट वाढलं, पण असू दे. त्यावर धरणाचा भाग लिहिला आहे, आम्हाला आमच्या खिडकीतून दिसला तसा. म्हातारी धरणावर काठी आपटते, ती खरं म्हणजे ‘पाणी स्वच्छ ठेवा रे’ म्हणून लोकांना रागावत असते. पाणी फुटतं ते लोक ऐकत नाहीत म्हणून. मग दाढीवाला येऊन गगनधराला म्हणतो, तू अंघोळ केलेली नाहीस. कारण त्याने हाताने कान दाखवला होता, आणि आमच्याकडे कान दाखवला की अंघोळीचाच विषय निघायचा. हा कागद काकांच्या हातात दे. दुसरं काही लिहू नकोस.

लग्नाचं लिहिलंस ते वाचलं. मनात अढी होती, ती होती. आपल्याला कुणीतरी ढकलून बाहेर काढलं असं लहानपणी एकदा वाटलं की ते मोठेपणी पुसलं जात नाही. धाकट्याने तो आठवडा तोंड उघडलं नव्हतं. त्याच सुमारास वडिलांना कामावरून कमी केलं होतं. घरात आधीच शांतता, त्यात ही भर.

काकांचं काय झालं ते लिही. नुसतं बरं आहे असं लिहू नकोस, काय झालं ते लिही.

तुझी
चिक्कू


१ एप्रिल

चिक्कू,

मुद्दाम दोन रविवार जाऊ दिले, म्हणजे उगीच आशेवर लिहिलं असं व्हायला नको.

पहिल्या रविवारी आवाज बंद केला. बाबांना कसं कळलं देव जाणे, बहुतेक माझा नातू ‘आवाज, आवाज’ म्हणून उड्या मारत होता ते दिसलं. त्यांनी खुर्चीतून मान वळवली. माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, परत भिंतीकडे वळले. मला वाटलं झालं. पण त्या दिवशी ते उठून खोलीत गेले नाहीत.

या रविवारी तुझा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मी शेजारी बसले. त्यांनी चष्मा लावला. घड्याळाचं भिंग लावायचे तसं एक डोळा बारीक करून वाचलं. अंघोळीपाशी आल्यावर खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं रडताहेत. हसत होते गं. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पडद्यावर नेमकी म्हातारी आली आणि ते इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलले. मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. म्हणाले, “ही बाई हरामखोर आहे, हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं होतं.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नंतर तुझी दोन्ही पत्रं त्यांना वाचायला दिली, तर ते मला विचारत होते, म्हणजे हातवारे करून नाही, बोलून: पोरांना तो कान धरतोय असं का वाटलं, त्यांना दाढीवाला डॉक्टर आहे हे कसं कळलं नाही, त्याच्या गळ्यात नळी तर होती. मी काय सांगणार. गळ्यात साप आहे असं तू धाकट्याला सांगितलंस, एवढं मला आठवत होतं.

एक मात्र मला त्यावरून आठवलं. आमचा टीव्ही खोलीत तिरका होता, तुला आठवतं? आई बिचारी मान वाकडी करून बघायची, रविवारी रात्री तेल चोळून घ्यायची. सरळ ठेवा म्हटलं की बाबा सांगायचे, वरच्या अँटेनाची तार आखूड आहे, त्याच्या पलीकडे पोचत नाही.

हे मी परवा गंमत म्हणून पाटीवर लिहिलं. बाबांनी वाचलं, पाटी उलटी ठेवली आणि माझ्याकडे कागद मागितला. लिहायला बसलेत. दोन दिवस झाले, लिहितात आणि फाडतात. मला दाखवत नाहीत. तुझ्याच नावाने आहे.

शेवटचा भाग २६ तारखेच्या रविवारी आहे.

तुझीच
टिकटिक


९ एप्रिल

चि. चिक्कूस,
अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. बिलाच्या मागे दोन शब्द, एवढंच. चुकलं तर समजून घे.

तू दुरुस्तीचे पैसे विचारलेस. दुरुस्ती काही केली नाही. घड्याळात बिघाड नव्हता. तुझी आई ते घेऊन दुकानात आली, काउंटरवर ठेवलं. मी कानाला लावलं, उत्तम चालत होतं. म्हटलं, वहिनी, याला काय झालंय? त्या म्हणाल्या, “घड्याळाला काही नाही. पण भावजी, रविवारी तुमचा पडदा ओढून घ्या.” मी विचारलं, पोरांनी काही त्रास दिला का. त्यावर म्हणाल्या, “ह्यांचं काम गेलंय. पोरं दुसऱ्याच्या खिडकीत डोळे लावून बसलेली बघितली की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पोरांना मी नाही म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणा. आणि मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नका.”

एवढं बोलून त्या गेल्या. घड्याळ तिथंच राहिलं. परत यायचा त्यांना संकोच वाटला असेल. मीही नेऊन दिलं नाही. घेऊन गेलो असतो तर तुमच्या वडिलांनी विचारलं असतं, काय बिघडलं होतं. मग तुम्ही घर सोडलंत. तुझ्या आईला दिलेला शब्द मी पाळला. त्या आता नाहीत, तुझे वडीलही नाहीत. तू मात्र इतकी वर्षं आमच्यावर रागावून आहेस हे कळलं, म्हणून आज मोडतो आहे.

आता तार. तार आखूड नव्हती. सरळ ठेवला असता तर तुमच्या खिडकीतून नुसती टीव्हीची पाठ दिसली असती.

त्या रविवारी मी पडदा ओढला. पण वहिनींनी पडद्याचं सांगितलं होतं, काचेचं नाही. टेबलावर सहा-सात घड्याळं उघडी पडली होती, त्यांच्यावर ओलं करून पिळलेलं फडकं टाकलं आणि खिडकीची काच उघडली. दुकान घातल्यापासून पहिल्यांदा. टीव्हीचा आवाज चढेल तेवढा चढवला. तुझी काकू म्हणाली, वेड लागलं का, पोरगी आजारी आहे. मी म्हटलं, एकच दिवस. वर्षभर नुसतं चित्र पाहिलंय, आज नुसतं ऐकू दे.

पडद्याच्या फटीतून बघितलं तर तुमची खिडकी लावलेली होती.

शेवट काय झाला ते मला माहीत आहे. पत्रात लिहिणार नाही.

तुझा
काका


॥ श्री ॥
१३ एप्रिल

प्रिय टिकटिक,

काकांचं पत्र मिळालं. त्याच्यावर तिकीट बरोबर लावलेलं होतं, ते त्यांनीच लावलं असणार.

वाचून झाल्यावर मी आधी आईच्या घड्याळाला किल्ली दिली. दुसरं काय करावं ते सुचेना. आई कुठल्या तोंडाने त्या काउंटरपाशी उभी राहिली असेल. आणि घरी येऊन आम्हाला म्हणाली होती, “लोकांना आपलं आपलं बघायचं असतं, चला, उठा.” आम्ही ते खरं मानलं. ती तसं म्हणताना वडिलांकडे पाठ करून उभी होती, एवढं आता डोळ्यांपुढे येतं. तेव्हा ते नुसतं चित्र होतं. त्याचं बोलणं मी म्हटलंच नाही कधी.

ती खिडकी मी लावली होती, टिकटिक. पडदा दिसला तशी धाडकन लावली आणि फटीत वर्तमानपत्र कोंबलं, म्हणजे तुमच्याकडच्या उजेडाची तिरीपसुद्धा नको. गल्लीत कुठंतरी मोठमोठ्याने काही चाललंय असं वाटलं होतं. धाकटा म्हणाला, “ताई, कुणीतरी हाक मारतंय.” मी म्हटलं, कुणी नाही, बस खाली. आणि मी त्याला शेवट सांगितला. गगनधर घरी आला, पोशाख काढून खुंटीला टांगला. आईने विचारलं, इतका उशीर? तो म्हणाला, कचेरीत काम फार होतं. मग गरम गरम जेवला आणि झोपला. धाकट्याने विचारलं, बस्स? मी म्हटलं, बस्स.

कोसांवरची हाक ऐकणाऱ्याची गोष्ट, आणि आम्हाला समोरच्या खिडकीतली ऐकू आली नाही. ह्यांना हे सांगितलं तर हे हसले नाहीत. म्हणाले, २६ तारखेला मी माझं माझं जेवेन, तू जाऊन ये.

तेव्हा मी येते आहे. धाकटाही येतो आहे. त्याला काकांचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. तारेपर्यंत तो मधे मधे बोलत होता, काचेपाशी म्हणाला, तेवढं परत वाच. मग म्हणाला, गाडी मी आणतो, तुझं भाडं वाचेल. आम्ही दुपारच्या जेवणाआधी पोचू. येताना तुझा टॉवेल आणि आईचं घड्याळ आणते. घड्याळ काकांना दाखवायचं आहे. ते त्यांनी कानाशी धरायचं नाही, तळहातावर ठेवायचं. मी काल ठेवून पाहिलं, टिकटिक हाताला लागते.

शेवटचा भाग आवाज बंद करूनच बघायचा. काका आणि आम्ही सारखेच. बोलणं मी म्हणेन, गगनधराचं जाड आवाजात, म्हातारीचं बारीक. काका चुका काढतील. ते खूप मोठ्याने ओरडले तरी तू मधे पडू नकोस, तुला तेच हवं होतं. खरा शेवट त्यांनी सगळं संपल्यावर सांगायचा.

जेवायला फार करू नकोस, आम्ही दोघंच आहोत. आणि एक काम कर. तुमचं हे घर मी पाहिलेलं नाही. टीव्ही कुठल्या भिंतीशी आहे, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये तुमच्या खिडकीसमोर कुणी लहान मुलं राहतात का, एवढं बघून ठेव. राहत असतील तर टीव्ही जरा तिरका करू, आपण मान वाकडी करून बघू. तेल मी आणते. काय ते उलट टपाली कळव.

तुझी
चिक्कू